आठ दिवसांचा राजा

मसुरे, ३ डिसेंबर २०२४

चंदना,

पाकिटावरचा पत्ता मी पोस्टातल्या मुलीकडून लिहून घेतला. माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच टाकून दिलं असतंस. वेरावळच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मालवणी माणूस एकच असेल, तेव्हा पोचेल असं धरून चालते.

इकडे सगळं ठीक. काजू यंदा लवकर मोहोरले. माझी साखर थोडी वर गेली होती, गोळी चालू आहे. अंगणवाडीतून निवृत्त झाले त्याला आता चार वर्षं होतील. आकांक्षा बरी आहे ना? किशोरी पाचवीत गेली असेल. नातीला मी पाहिलं तेव्हा ती वर्षाचीही नव्हती.

नऊ वर्षं झाली. वडिलांच्या बाराव्याला तू पानावरून उठून गेलास, त्यानंतर तुझा आवाज ऐकला नाही. फोन लागत नाही. आकांक्षानं एकदा सांगितलं की तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस.

एक काम होतं. तुझा रक्तगट कोणता ते कळव. ग्रामपंचायतीत घरटी आरोग्य कार्ड काढतायत, त्यात सगळ्यांचा घालायचा आहे. लवकर कळवलंस तर बरं होईल.

माणगडचे बाळराजे जरा आजारी आहेत. तुला त्यांचं नाव नको असतं, म्हणून एवढंच.

तुझी आई


मसुरे, १२ डिसेंबर २०२४

चंदना,

आरोग्य कार्डाचं खोटं होतं. ग्रामपंचायत असलं काही काढत नाही.

बाळराजे जरा आजारी नाहीत. ते जायला लागले आहेत.

गणपतीत त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे डाग उठले. दशावतारी मंडळींबरोबर ते पखवाज वाजवतात, तेव्हा कुठेतरी आपटलं असेल असं सगळे म्हणाले. दसऱ्यानंतर धामापूरला भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर कोसळले, ते लोकांनी उचलूनच गाडीत घातले. आता पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात आहेत. हाडांच्या आत मगज असतो, तो रक्त करतो. ह्यांचा मगज रक्त करायचा थांबला आहे. दर चार दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढवतात. त्यावर माणूस किती दिवस काढणार? कुणाचा तरी जुळणारा मगज मिळाला तरच, असं डॉक्टर म्हणतात.

मालवणपासून आरोंद्यापर्यंतची माणसं माणगडच्या शाळेत ओळीनं उभी राहिली. गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेतात. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या बाहेर ठेवून आत आल्या. बाबू रिक्षावाला गेल्या साली झालेली कावीळ लपवून ओळीत शिरला होता, त्याला हाताला धरून बाहेर काढावं लागलं, तर तिथेच बसून रडला. एकाचाही जुळला नाही.

माझाही घेतला. मी पुण्याला जाऊन सांगितलं, मी त्यांना जन्म दिलेली बाई, माझाच काढा. अर्धाच जुळतो. त्यात माझं वय, साखर, आणि हृदयाची ती जुनी झडप. डॉक्टर म्हणाले, तुम्ही टेबलावरून उठणार नाही. मी म्हटलं, नाही उठले तरी चालेल. ते म्हणाले, आम्हाला चालत नाही. मग त्यांनी विचारलं, सख्खं भावंड कोणी?

चंदन, बाळराजे तुझा सख्खा भाऊ. माणगडच्या राजांना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी भाऊबंदांपैकी आमच्या घरातलं मूल दत्तक घेतलं, हे बावीस गावांना ठाऊक आहे. पण पस्तीस वर्षांत तू आणि मी हे शब्द एकमेकांसमोर कधी काढले नाहीत. आज लिहिते. सख्ख्या भावाचा मगज जुळण्याची शक्यता चारात एक असते.

नमुना द्यायला मिनिटभर लागतं. मी तुझ्या पाया पडते. आईनं मुलाच्या पाया पडू नये हे मला कळतं.

आई


मसुरे, २१ डिसेंबर २०२४

चंदना,

आकांक्षाच्या फोनवरून तुझा निरोप आला. ती बिचारी सांगताना अडखळत होती. मागून तुझा आवाज मला ऐकू आला. "सांग तिका, आठ दिवसांचो राजा कामात आसा."

नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तो असा.

ते नाव तुला कुणी ठेवलं ते मी विसरलेले नाही. शाळेत पोरं तुझ्यामागे ओरडायची. आधी तुला माणगडला नेलं, आठ दिवस ठेवलं, परत पाठवलं आणि मग धाकट्याला नेलं. गावाला चघळायला एवढं पुरे होतं. तू दप्तर टाकून मागीलदारी जायचास आणि तोंडावर पाणी मारत राहायचास. मी भात वाढून हाक मारायचे. दुसरं काही बोलत नव्हते. बाराव्याच्या दिवशी बाळराजे दारात आले, सगळा मांडव उठून उभा राहिला आणि तू पान सारलंस. मला म्हणालास, "माका त्यांनी टाकलो, म्हणान तू घेतलंस. तुझो खरो झील तो बघ, येताहा." त्याला माझा खरा मुलगा म्हणालास, तेव्हाही मी काही बोलले नाही.

पण तो कसा आहे हे तुला ऐकावं लागेल. तुला वाटतं तो गादीवर लोळला. गादी कसली आलीय? राजेपण गेलं त्याला किती वर्षं झाली. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे आणि तिला फोन केला की ती येते. अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री घाटापलीकडे कोण नेतं? त्या जीपमध्ये तीन मुलं जन्मली. त्यातल्या थोरल्या मुलीला अजून सगळी वाडी 'जीप' म्हणते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. चक्रीवादळ झालं तेव्हा तो तीन दिवस लोकांच्या छपरांवर होता, पायात खिळा गेलेला, वर प्लास्टिक बांधलेलं. कुणाच्या घरी मर्तिक झालं की तिसऱ्या दिवशी तो पडवीत चटईवर बसलेला दिसतो. फार बोलत नाही. त्या माणसाची एखादी आठवण सांगतो आणि निघतो. त्याला सगळी माणसं नावानं ठाऊक आहेत, म्हाताऱ्या बायकांची माहेरची नावंसुद्धा. लग्न राहूनच गेलं. विचारलं तर हसतो.

मला तो सुभद्राकाकी म्हणतो. मी त्याला अहो-जाहो करते. तसंच ठरलं होतं.

लोक त्याच्यावर एवढं प्रेम करतात यात तुझं काय हिरावलं गेलं, असं मी विचारणार होते. ते वाक्य दोनदा लिहून खोडलं. तुझं काय हिरावलं गेलं ते मला ठाऊक आहे.

राग माझ्यावर काढ. त्याच्यावर नको. त्याला वेळ नाही.

आई


पुणे, ४ जानेवारी २०२५

चंदना,

हे इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिते आहे. ओळी वाकड्या जातील.

परवा सकाळी आपल्या दारात गाडी थांबली आणि आईसाहेब उतरल्या. माणगडच्या राणीसाहेब, वय ब्याऐंशी, पस्तीस वर्षांत आपल्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मी खुर्ची आणायला धावले, तोवर त्या पडवीच्या पायरीवर बसल्यासुद्धा.

म्हणाल्या, "सुभद्रा, तुझ्या थोरल्याचं नाव तो डॉक्टरांना सांगू देत नाही. भाऊ नाही म्हणून लिहायला लावलंय. मी खूप सांगून पाहिलं. आता तू चल."

मी म्हटलं, "मी चंदनला लिहिलंय. बाळराजांना न विचारताच लिहिलंय."

"काय म्हणाला?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझा हात धरला. "तुझ्या यजमानांना दिलेला शब्द मी आजवर पाळला," त्या म्हणाल्या. "मुलालाही सांगितलं नाही. आता त्यातून मला मोकळी कर, नाहीतर तू स्वतः बोल. मला माझा मुलगा हवाय गं."

माझा मुलगा, असं त्या म्हणाल्या. मला ते लागलं नाही. त्यांचाच आहे.

काल त्याला भेटले. तोंडाला मास्क, अंगावर हिरवा झगा, हातमोजे, तेव्हा कुठे आत सोडतात. तो उशीला टेकून बसला होता. ओठ पांढरे, डोळ्यांत रक्त उतरलेलं. मला बघून म्हणाला, "काकी, बरा मा? काजी कसे आसत?" अशा अवस्थेत काजूंची चौकशी. असा माणूस आहे तो.

मी तुझं नाव काढलं. त्यानं मान हलवली.

"थोरल्याक इचारू नका, काकी. माका ठावक आसा. त्येका आठ दिवस ठेवन घराक धाडल्यानी आणि माका ठेवन घेतल्यानी. त्येची जागा मी घेतलंय. आयुष्यभर मी त्येचा खाल्लंय. आता त्येचा रगत सुद्धा मागू?"

"तसा नाय ता," मी म्हटलं.

"तसाच आसा. तुमच्या यजमानांच्या बाराव्याक मी बघलंय त्येचा तोंड. त्यानंतर मी तुमच्या दारात येताना सुद्धा लाजतंय." त्याला धाप लागली. नर्सनं मला बाहेर काढलं.

चंदन, तुम्ही दोघं एकाच खोट्यावर वाढलात. तुला वाटतं तू टाकलेला. त्याला वाटतं त्यानं चोरलेलं. आणि जिला खरं ठाऊक आहे ती इथं चहा थंड करत बसली आहे.

राणीसाहेबांनी तुला परत पाठवलं नाही. मला ते लिहावं लागेल. आज हात धजत नाही.

आई


मसुरे, ९ जानेवारी २०२५

चंदना,

पाच दिवस घेतले. आता थांबले तर पुन्हा कधीच लिहिणार नाही.

एकोणनव्वद सालचा मे महिना. तू पाच वर्षांचा. राजेसाहेब वडिलांना म्हणाले, दाजी, तुझा थोरला आम्हाला दे. त्यांना कुणी दाजी म्हणून हाक मारली की ते पाघळायचे, आणि इथे तर राजा हाक मारत होता. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. मला घरी येऊन सांगितलं. दत्तविधानाचा मुहूर्त दहाव्या दिवसाचा होता, तोवर मुलाला सवय व्हावी म्हणून तुला आधीच घेऊन गेले.

तुझी खाकी चड्डी दोरीवर होती. ती काढून घडी घालायला मला चार दिवस लागले. जेवले नाही असं मी म्हणणार नाही, जेवत होते. पण घास कुठे जातो ते कळत नव्हतं. आठव्या दिवशी मी कुणाला न सांगता एसटी धरली आणि माणगडला गेले.

तू रडत असशील असं मला वाटलं होतं. तू रडत नव्हतास. मागच्या अंगणात राणीसाहेब तुला दहीभात भरवत होत्या आणि तू काहीतरी सांगत खिदळत होतास. मला बघितलंस, पण धावत आला नाहीस. घास संपवलास आधी.

ते मला बघवलं नाही.

मी पायरीवर बसून हंबरडा फोडला. माझं मूल मला द्या म्हटलं. राणीसाहेबांनी तुझं तोंड पदरानं पुसलं आणि तुला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. म्हणाल्या, "घेऊन जा. आईचा जीव अडकलेलं मूल मी ठेवणार नाही." त्यांचे डोळे कोरडे होते. आठ दिवसांत त्यांचाही जीव अडकला असेल, हे मला फार नंतर सुचलं. परतीच्या एसटीत तू मसुऱ्यापर्यंत रडलास. तेवढं तुला आठवतं, आणि त्यावरून तू समजलास की तुला हाकलून दिलं. तुला कुणी हाकललं नाही. मी तुला आणलं. तू तिथे सुखात होतास आणि मी तुला उचलून आणलं, कारण तुझ्याशिवाय मला जगता येत नव्हतं.

वडील अंथरुणाला खिळल्यासारखे पडून राहिले. "शब्द गेलो. राजाक आता काय तोंड दाखवू?" एवढंच. दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "धाकट्याक न्हेया."

मी म्हटलं. त्यांनी नव्हे.

तो अकरा महिन्यांचा होता. त्याच्या वेळी बाळंतपणात मला ताप धरला, तो चार महिने उतरला नाही. झडप तेव्हाच बिघडली. मूल शेजारच्या काशीबाईनं आपल्या मांडीवर वाढवलं, गायीच्या दुधावर. मी बरी झाले तेव्हा तो तिच्याकडे बघून हात पसरायचा. मी सगळ्यांना सांगितलं, लहान आहे, त्याला अजून माझी सवय नाही, तिकडे रुळेल. खरं असं होतं की मला त्याची सवय नव्हती.

तुला ठेवण्यासाठी मी त्याला दिलं. ज्याच्यासाठी आज सगळा मुलूख देव पाण्यात घालून बसला आहे, तो मला देता आला. हात सुद्धा कापला नाही.

गावात काय सांगायचं ते वडिलांनी ठरवलं. राणीसाहेबांना थोरला रुचला नाही, धाकटा रुचला. असं म्हटलं की त्यांचा शब्द शाबूत राहत होता. राजेसाहेबांनी आणि राणीसाहेबांनी त्यांच्या अब्रूखातर ते चालवून घेतलं. मीही चालवून घेतलं. पोरं तुला चिडवायची तेव्हा मी तुला जवळ घेऊन खरं सांगू शकले असते. पण तुला सांगायचं म्हणजे त्याच्याबद्दलही तोंडातून काढायला लागलं असतं. तुझं रडणं मला सोसवलं, ते शब्द नाही सोसवले.

आता तुला सगळं ठाऊक आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाही. त्याला नमुना दे. माझ्यासाठी नको देऊ. त्याच्या बाजूनं उभं राहायला त्याच्या आईनं तेव्हाच नकार दिला, म्हणून दे.

आई


मसुरे, ५ फेब्रुवारी २०२५

चंदना,

तू पुण्याला जाऊन नमुना देऊन आलास, हे मला इस्पितळातल्या संचिताकडून कळलं. ती जुळणीचं काम बघते. म्हणाली, एक माणूस आला, हातांना ग्रीसचा वास, कागदावर 'नातं' या रकान्यात त्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही, मग 'थोरला भाऊ' असं लिहिलं.

संध्याकाळी तुझा फोन आला. मी 'चंदन' एवढंच म्हणू शकले. तू म्हणालास, "फोन करू नको. लिही. लिवताना तू खरा बोलतस." म्हणून लिहिते.

जुळला. पूर्ण जुळला. संचितानं सांगितलं तेव्हा मी भाताचा टोप चुलीवर ठेवून अंगणात येऊन उभी राहिले, कशासाठी आले ते कळेना.

पण बाळराजांनी नाही म्हटलं. तू आपणहून दिलास, हे सांगितल्यावर तर जास्तच. "त्येका माझी कीव येता म्हणान देता, माका नको." मी पुण्याला पोचले तोवर डॉक्टरांनी हात टेकले होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा ताप आला तर मग कुणाचाच मगज कामाचा नाही, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. आईसाहेब दाराशी उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं आणि बाहेर निघून गेल्या.

मी आत गेले. तुला जे नऊ जानेवारीला लिहिलं ते त्याला सांगितलं. तुला लिहायला पाच दिवस लागले, त्याला सांगायला चहा पिण्याएवढा वेळसुद्धा लागला नाही. तुझी दोरीवरची चड्डी, दहीभात, एसटी. मग धाकट्याक न्हेया. मग सवयीचं. काही गाळलं नाही. एकदा वाटलं, मरायला टेकलेल्या माणसाला हे कशाला सांगते आहे? पण तुझं त्याच्यावर काही ऋण नव्हतं, त्याचं तुझ्यावर नव्हतं, सगळं माझ्याकडे होतं, आणि ते माझ्याकडे राहिलं तर तो मरणार होता.

तो छताकडे बघत होता. तसंच बघत म्हणाला, "तेव्हा मी चलत होतंय काय?"

"रांगत होतास," मी म्हटलं. त्याला मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तोंडातून तसंच आलं.

"म्हणजे उचलून दिल्यात."

"होय."

"मी रडलंय?"

मी म्हटलं, "नाय. आईसाहेबांच्या गळ्यातल्या माळेशी खेळाक लागलंस."

त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला पुसायची ताकद नव्हती, आणि मी पुसावं की नाही ते मला कळेना. हात पुढे केला, मोजा घातलेला. त्यानं मान भिंतीकडे वळवली. मी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सही केली. डॉक्टरांना म्हणाला, भावाला बोलवा. आईसाहेबांकडे माझ्यासाठी निरोप ठेवला होता, "काकींना सांगा, थोडे दिवस येऊ नका." मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघून आले.

तुला तेरा तारखेला पोचायचं आहे. कमरेच्या हाडातून काढतात, भूल देऊन. चार-आठ दिवस दुखेल. मी कॅन्टीनमध्ये असेन. वर येणार नाही.

आई


मसुरे, १४ एप्रिल २०२५

चंदना,

तू वेरावळला पोचल्याचं आकांक्षानं कळवलं होतं. कमरेचं दुखणं गेलं का?

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तू लंगडत आलास आणि समोर बसलास. मी तुझी पिशवी उचलायला गेले तर म्हणालास, "रवांदे, जड आसा." आपण किशोरीच्या शाळेबद्दल बोललो, इंजिनांबद्दल बोललो, आणि गाडीची वेळ झाली. मला माफ केलंस का ते मी विचारलं नाही. जाताना तू मागे वळून बघितलंस, तेवढं मी घेऊन आले.

त्याच्या खोलीच्या काचेबाहेर तू किती तरी वेळ उभा होतास असं संचिता सांगत होती. तो तेव्हा औषधांच्या गुंगीत होता. तू आलेलास ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढचा महिना मी कसा काढला ते लिहीत नाही. ताप, तोंडात फोड, पाण्याचा घोट गिळता येत नव्हता. दोनदा आईसाहेबांना बोलावून घेतलं. आंगणेवाडीच्या यात्रेत यंदा माणसं देवीसमोर दुसरं काही मागतच नव्हती. मी ओळीत होते, माझ्यापुढची बाई माणगडची, ती मला म्हणाली, "तुमी कोण त्येंच्या?" मी म्हटलं, भाऊबंद.

तेविसाव्या दिवशी रक्तात नव्या पेशी दिसल्या. तुझ्या. डॉक्टर म्हणाले, आता ह्यांचं रक्त भावाच्या मगजातून येणार. वर्षभर जपायचं आहे, अजून काहीही होऊ शकतं, पण जीव धरला आहे. परवा त्याला माणगडला आणलं. गर्दी करू नका म्हणून सांगितलेलं, तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, लांब लांब उभी, तोंडाला फडकी बांधून. कुणी ओरडलं नाही. गाडी जाताना सगळ्यांनी नुसते हात जोडले.

काल त्यानं मला बोलावून घेतलं.

केस गेले आहेत. चेहरा सुजलेला, औषधांनी. खिडकीशी बसला होता. मला म्हणाला, "बसा." काकी म्हणाला नाही. दुसरंही काही म्हणाला नाही. मी पाच हातांवर बसले.

"एक इचारूचा होता," तो म्हणाला. "रघोजीराव ह्या नाव माका हय येवन मिळाला. बाळराजे लोकांनी केल्यानी. तुमच्या घरात माझा नाव काय होता?"

बारशाच्या दिवशी मी तापात होते. मग शिमग्यानंतर करू म्हटलं, मग पावसाळा झाला की करू. कुणालाच घाई नव्हती. काशीबाई धाकटो म्हणायची, आम्हीही धाकटो म्हणायचो. अकरा महिने तो आमच्या घरात होता.

"नाव ठेवूक नव्हता," मी म्हटलं.

तो रागावला असता तर मी सोसलं असतं. त्यानं फक्त मान हलवली. "माका वाटला, एक तरी नाव आसतला," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी उठले. आईसाहेबांनी मला फाटकापर्यंत सोडलं.

घरी आल्यापासून एकच डोक्यात आहे. तो काशीबाईच्या पडवीत असायचा आणि तू सारखा त्याच्याजवळ. मी आतल्या खोलीत पडलेली असायचे. तू त्याला काहीतरी म्हणून हाक मारायचास. धाकटो नव्हे. तुझं तू शोधून काढलेलं काहीतरी होतं, आणि ते ऐकून तो खदाखदा हसायचा. त्याचं हसणं मला स्पष्ट ऐकू यायचं. तुझा शब्द भिंतीपलीकडून कळायचा नाही. तू काय म्हणतोस ते मी कधी विचारलं नाही.

तू पाच वर्षांचा होतास. आठवत असेल, नसेल.

आठवलं तर मला कळवू नको. कागदाच्या मागे त्याचा फोन नंबर लिहिला आहे. त्याला सांग.

आई